बेचाळीस अंशांची दुपार आणि ३६०चा रेडिएटर: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

भाचीचा संगणक आज माझ्या हवाली झाला. तक्रार एकच आहे. सकाळी खेळ सरळ चालतो, दुपारी अर्ध्या तासात अडखळायला लागतो. "मावशी, लिक्विड कूलर बसवून टाकूया ना," हे तिचं दोन आठवड्यांपासून चाललंय. बसवू. पण किती मोठा, कुठल्या बाजूला, आणि त्याने नेमकं काय साधणार, हे मोजल्याशिवाय हात लावायचा नाही असं आमचं ठरलं. म्हणून ही वही.

यंत्र असं: रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, मध्यम आकाराचं कॅबिनेट, पुढे दोन पंखे, मागे एक. प्रोसेसरवर एका पंख्याचा साधा टॉवर कूलर, म्हणजे पत्र्यांचा मनोरा आणि त्यावर वारा घालणारा पंखा. खेळांशिवाय ती थ्रीडी रेंडरही करते, म्हणजे त्रिमितीय दृश्याचं चित्र संगणकाकडून तयार करून घेते, आणि त्यात प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने पळतो. निवड करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तापमापक भिंतीवर लावलेला होता, तो काढला. भिंतीवरचा आकडा आपल्या कामाचा नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर वीतभर अंतरावर दोऱ्याने टांगला, म्हणजे पंखे जी हवा ओढतात तिचंच तापमान कळेल. भिंतीवर ३५ दाखवत होता, जाळीसमोर ३७. टेबलाखालच्या कोपऱ्यात यंत्राने सोडलेली गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते, त्याचे हे दोन अंश. कॅबिनेट कोपऱ्यातून हातभर बाहेर ओढलं आणि फरक नाहीसा झाला. एकही सुटा भाग न बदलता पहिले दोन अंश मिळाले.

८ एप्रिल

दोन दिवसांची मोजणी झाली. एकच खेळ, त्यातली एकच जागा, प्रत्येक वेळी ४५ मिनिटं, आकडे शेवटच्या दहा मिनिटांचे.

सकाळी खोली २९ अंश, प्रोसेसर ७९, कार्ड ६९. दुपारी खोली ३८ अंश, प्रोसेसर ८८, कार्ड ७८. खोली नऊ अंशांनी चढली आणि दोघेही नऊ अंशांनीच चढले. प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक दोन्ही वेळा ५० अंश.

वहीत आता "प्रोसेसरचं तापमान" असा रकाना ठेवणार नाही, "फरक" असा ठेवणार. कूलरच्या हातात तेवढंच असतं. पंख्याने हवा फेकणारा असो की पाणी फिरवणारा, खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. गार हवामानातल्या कुणी "माझा प्रोसेसर ६५वर असतो" असं लिहिलं, तर त्याच्या खोलीत किती होतं हे कळल्याशिवाय त्या आकड्याला आपल्याकडे अर्थ नाही. २१ अंशांच्या खोलीतले ६५ म्हणजे ४४चा फरक. तोच कूलर ३८ अंशांच्या खोलीत ८२ दाखवेल, आणि त्यात कूलरचा काही दोष नसेल.

सर्व कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे सगळे भाग, पळवणाऱ्या रेंडरमध्ये मात्र ही रीत चालत नाही. तिथे सकाळीही ९५ आणि दुपारीही ९५. या पिढीच्या रायझनची रचनाच तशी आहे. थंड राहायची जागा मिळाली की तो जास्त वीज घेतो, आणि ९५ अंशांच्या मर्यादेला किंवा १४२ वॉटच्या मर्यादेला, जी आधी येईल तिला, टेकून राहतो. म्हणून रेंडरमध्ये तापमान पाहायचं नाही, ९५वर टेकलेला असताना तो किती वॉट घेतोय ते पाहायचं. सकाळी ११० वॉट, दुपारी ९५. उन्हाने पंधरा वॉट खाल्ले. त्याच दृश्याला दुपारी वेळ जास्त का लागतो, हा भाचीचा जुना प्रश्न इथेच सुटला.

९ एप्रिल

आज मोजमाप नाही, फक्त समजून घेणं. पाणी काय करतं हे भाचीला नीट सांगायचं होतं. "पाणी थंड असतं म्हणून" असं तिच्या डोक्यात होतं.

एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते, एक किलो हवेला साधारण एक. घनफळ सारखं धरलं तर पाणी हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता धरतं. त्यामुळे चिपवरची उष्णता बारीक नळीतून उचलून दूरच्या मोठ्या रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत, नेणं सोपं जातं. एवढंच पाण्याचं काम. पुढे रेडिएटरवरून ती उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते, आणि ती हवा आपल्या खोलीतलीच, ३८ अंशांची.

दुसरं, पाणी उशिरा तापतं. बंद कूलरमध्ये पाव लिटर द्रव आहे असं धरलं आणि रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही असं मानलं, तरी ८८ वॉटला तो एका अंशाने चढायला बारा सेकंद लागतील. धातूही उष्णता पितो, रेडिएटरही काम करत राहतो, त्यामुळे द्रव स्थिरावायला वीस ते तीस मिनिटं सहज जातात. पाच मिनिटांची चाचणी करून "लिक्विड कूलर वीस अंशांनी चांगला" म्हणणाऱ्याने अजून गार असलेला द्रव मोजलेला असतो. आमची ४५ मिनिटं त्यासाठी.

१२ एप्रिल

खरेदीआधी प्रोसेसर काय मागतोय तेच कमी करून पाहिलं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ६५ वॉटचा इको मोड लावला, म्हणजे सॉकेटची प्रत्यक्ष मर्यादा १४२ वरून ८८ वॉट होते. शिवाय कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सर्व कोरना उणे २५ दिलं, म्हणजे त्यांना मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवलं.

रेंडर तासभर चालला, खेळ चालला, सगळं व्यवस्थित. मग रात्री यंत्र नुसतं चालू ठेवलं होतं, तेव्हा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. कमी व्होल्टेज अनेकदा ताणाखाली नाही, निवांत असताना दगा देतं. हलक्या कामात एखादा कोर क्षणभर सर्वात वरच्या वेगाला उडी मारतो आणि नेमकं तेव्हा त्याला व्होल्टेज पुरत नाही. नुसत्या रेंडरवर विसंबून ही सेटिंग पक्की करू नये. उणे १५वर आणलं. तेव्हापासून दोन रात्री काही नाही.

दुपारी, खोली ३८: खेळात प्रोसेसर पूर्वी ६८ वॉट घेत होता, आता ५८. तापमान ८८ वरून ८२. चित्रांच्या वेगात मला फरक दिसला नाही, तिलाही नाही. खेळात तो ८८ वॉटपर्यंत जातच नव्हता, त्यामुळे मर्यादेने काही हिरावलं नाही. रेंडरचं नेहमीचं दृश्य सकाळच्या गारव्यात १० मिनिटं ४० सेकंद घेत होतं, ते ११ मिनिटं २० झालं. पण आता दुपारीही ११:२०च. तिला हे जास्त आवडलं, कारण तिची कामं दुपारीच असतात.

१३ एप्रिल

पर्याय मांडले. चारही गांभीर्याने पाहिले.

मोठा, दोन टॉवरचा हवेचा कूलर. हा मी शेवटपर्यंत सोडला नव्हता. यंत्र फक्त खेळासाठी असतं तर हाच सुचवला असता आणि वही इथेच मिटली असती. त्यात पंप नाही, द्रव नाही, दहा वर्षांनी पंखा बदलला की पुन्हा नवा. आणि या प्रोसेसरच्या बाबतीत मोठ्या रेडिएटरला फार मोठी आघाडी मिळतही नाही. उष्णता जिथून निघते तो कोर असलेला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, नखाएवढा. तिथून धातूच्या झाकणापर्यंत उष्णता येतानाच अर्धी अडचण होते, पुढे कितीही मोठा रेडिएटर लावा. अडलं ते एवढ्यावर: हवेचा कूलर आपली उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतो, आणि रेंडरच्या लांब दुपारी ती तिथेच साचते.

बंद, तयार लिक्विड कूलर, म्हणजे एआयओ. यावर पुढे सविस्तर.

स्वतः जोडलेला खुला लूप, म्हणजे पाणी फिरण्याची पूर्ण वाट आपणच बांधायची, कार्डालाही पाणी. गरम हवामानात याचा फायदा खरा आहे, कारण सर्वात मोठी भट्टी कार्डच आहे: २२० वॉट. पण दर वर्षी द्रव बदलणं, जोड तपासणं, तांब्याच्या ब्लॉकबरोबर (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा तुकडा) ॲल्युमिनियमचा रेडिएटर येऊन गंज धरणार नाही हे पाहणं, हे सगळं तिला पुढे एकटीने करावं लागेल. परीक्षांच्या वर्षात नाही.

पाणीच थंड करणारा चिलर किंवा पेल्टियर, म्हणजे विजेने एक बाजू गार आणि दुसरी गरम करणारी पट्टी. हा तिचा आवडता होता, कारण खोलीपेक्षा खाली नेणारा तेवढा एकच. तिच्यासमोर गणित मांडलं. खोली ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २८ अंश. त्यापेक्षा गार झालेल्या प्रत्येक नळीवर, प्रत्येक ब्लॉकवर पाण्याचे थेंब धरणार, आणि खाली मदरबोर्ड. पेल्टियर स्वतः जी वीज खातो तिचीही उष्णता खोलीतच. तिने स्वतःच तो कागद दुमडला. साध्या लिक्विड कूलरला ही भीती नाही. तो खोलीपेक्षा गार होतच नाही, म्हणून त्यावर दव धरत नाही.

१७ एप्रिल

मापं. आकड्यांवरून कूलर निवडता येतो, पण कॅबिनेटमध्ये तो मावेल की नाही हे पुठ्ठाच सांगतो.

क्षेत्रफळ आधी: २४० म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे, २८,८०० चौरस मिमी. २८० म्हणजे १४०चे दोन, ३९,२००. ३६० म्हणजे १२०चे तीन, ४३,२००. नावात ४०चाच फरक दिसतो, पण २८० हा २४०पेक्षा छत्तीस टक्क्यांनी मोठा आणि ३६०च्या अगदी जवळ. म्हणून माझं मन २८०वर होतं.

खोक्याचा पुठ्ठा कापून तिन्ही मापांचे तुकडे केले. रेडिएटर साधारण २७ मिमी जाड, वर पंखा २५, म्हणजे ५२ मिमी. तेवढी जाडी यावी म्हणून पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवले. २८०चा तुकडा छतापाशी धरला तर १४०ची रुंदी रॅमच्या माथ्यावर येऊन बसली, आणि प्रोसेसरच्या वीजजोडणीचा प्लग तर पार त्याच्या पोटात. ३६०चा तुकडा लांबीला मागच्या पंख्याजवळ बोटभर जागा ठेवून बसला, रुंदीलाही मोकळा. पुढच्या बाजूलाही ३६० बसतो, पण कार्डाच्या टोकापर्यंत दोन बोटंच उरतात. ३८ मिमी जाडीचे रेडिएटरही मिळतात. ते वर लावले तर बोर्डाच्या हीटसिंकला टेकतील.

छताला २४० किंवा ३६०.

प्रोसेसर ८८ वॉटवर बांधलेला असताना ३६० कशाला, असं तिने विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. प्रोसेसरच्या तापमानात २४० आणि ३६० यांत एवढ्या वॉटला दोन-तीन अंशांचाच फरक पडेल. मी ३६० निवडतेय तो द्रवासाठी. या कूलरच्या द्रवाने, नळ्यांनी आणि पंपाने सुमारे ६० अंशांखाली राहायला हवं. २२ अंशांच्या खोलीत द्रव ३५च्या आसपास खेळतो, तिथे कुणाला ही मर्यादा आठवायचंही कारण नाही. आपल्याकडे खोलीच ४०, कॅबिनेटच्या आत आणखी सहा-सात, म्हणजे द्रव ४६-४७ वरूनच मोजायला सुरुवात करतो. वर उरलेल्या तेरा अंशांत रेडिएटर जितका मोठा तितकं बरं. शिवाय नळीच्या रबरातून द्रव वर्षानुवर्षं किंचित झिरपून उडत असतो आणि उष्णतेने ते लवकर होतं. गरम हवामानात मोठा रेडिएटर घ्यायचा तो आयुष्यासाठी.

१८ एप्रिल

ठरलं. ३६०, २७ मिमी. अटी तीन: द्रवाचं तापमान दाखवणारा सेन्सर हवा, पंखे साधे चार पिनांचे आणि सुटे बदलता येणारे हवेत, एएम५साठी (या प्रोसेसरच्या सॉकेटचं नाव) ब्लॉक थोडा खाली सरकवणारी पट्टी हवी. या प्रोसेसरमध्ये तापणारा तुकडा झाकणाच्या मध्यावर नसून एका कडेला असतो. ब्लॉक तिकडे सरकवला की फुकटात एक-दोन अंश मिळतात. दिवे, छोटा स्क्रीन, रंग यांना यादीत जागा नाही. तिने दिव्यांसाठी थोडा हट्ट केला, मग पंखे काळेच घेऊ म्हणाली.

२४ एप्रिल

कूलर आला. उघडल्याबरोबर पंखे न लावता वजनकाट्यावर ठेवला: १११८ ग्रॅम. आकडा वहीत लिहिला. कारण शेवटी लिहीन.

जुना टॉवर काढायच्या आधी दहा मिनिटं रेंडर चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट मऊ करून घेतली, मग सरळ न ओढता हलकेच पिळून सोडवला. जुन्या एएम४मध्ये घाईने ओढलं तर प्रोसेसर पिनांसकट कूलरला चिकटून वर येतो. एएम५मध्ये धातूची चौकट त्याला धरून ठेवते, पण हाताला लागलेली सवय चांगली आहे, ती मोडायची नाही.

या प्रोसेसरच्या झाकणाच्या कडांना खाचा आहेत, आठ पायांच्या किड्यासारखा दिसतो. त्या खाचांत जुनी पेस्ट गच्च बसली होती. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तिने एकेक खाच साफ केली, पाऊण तास. मग कोल्ड प्लेटवरची, म्हणजे ब्लॉकच्या प्रोसेसरला टेकणाऱ्या तळावरची, पारदर्शक फिल्म काढली आणि ती मी टेबलावर समोर चिकटवून ठेवली, म्हणजे काढली की नाही अशी शंका रात्री येऊ नये. पेस्ट मध्यभागी एक थेंब आणि चार कोपऱ्यांकडे लहान चार. स्क्रू दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फेरा देत, आलटून पालटून, थांबेपर्यंत.

रेडिएटर आज पुढे लावला. वरची चाचणी नंतर. नळ्या खाली, आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा बरंच उंच. ही अट मोडायची नाही. लूपमध्ये थोडी हवा असतेच, ती सर्वात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंप असेल तर पंप कोरडा घासतो आणि लवकर मरतो.

२५ एप्रिल

पहिल्या रात्रीचे आकडे वाईट. खेळात प्रोसेसर ८४, म्हणजे जुन्या टॉवरपेक्षाही वर. पंपाकडून बारीक खळखळ.

भाचीने दोन्ही नळ्यांना हात लावला आणि म्हणाली, "मावशी, ही एक चांगलीच गरम आहे आणि दुसरी कोमट." तिने नेमकी खूण पकडली. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ७० वॉट उष्णतेने जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो, हाताला कळतच नाही. हाताला कळण्याइतका फरक पडला याचा अर्थ पाणी फार हळू फिरतंय. बायोसमध्ये पाहिलं: पंप मिनिटाला ११०० फेरे. पंपाची तार मी कॅबिनेटच्या पंख्यासाठीच्या जागी जोडली होती आणि बोर्ड त्याला पंखा समजून शांत ठेवत होता. तार पंपाच्या जागी हलवली, वेग कायमचा पूर्ण केला: २८००च्या आसपास. पाच मिनिटांत दोन्ही नळ्या सारख्या कोमट.

खळखळ मात्र राहिली. यंत्र चालू ठेवून कॅबिनेट दोघींनी मिळून आधी मागे, मग एका बाजूला कलतं केलं, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. बुडबुडे नळीतून वर जाताना बोटांना जाणवले. त्यानंतर आवाज नाही.

२८ एप्रिल

ज्यासाठी हा खटाटोप, ती चाचणी. पुढे की वर?

पुढे लावला की रेडिएटरला खोलीतली ताजी हवा मिळते, पण तिथून तापलेली हवा कार्डाकडे जाते. वर लावला की कार्डाला पुढच्या पंख्यांतून ताजी हवा, आणि रेडिएटरला कार्डाने तापवलेली. दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडणारे लोक आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी खऱ्या आहेत. आपल्या खोलीत काय होतं ते पाहायचं होतं. मर्यादा मुद्दाम काढल्या: प्रोसेसर मूळ सेटिंगवर, कार्ड पूर्ण २२० वॉट. वरच्या चाचणीसाठी पुढे आणखी एक पंखा घातला, म्हणजे तीन आत, वर तीन आणि मागे एक बाहेर. दोन्ही दुपारी खोली ३८, पंखे एकाच ठरावीक वेगाला.

पुढे लावलेला: प्रोसेसर ७०, द्रव ४३, कार्ड ८०.
वर लावलेला: प्रोसेसर ७६, द्रव ४८, कार्ड ७५.

पहिल्या नजरेला पुढचा जिंकला. भाची तर लगेच म्हणाली, "सत्तर! हेच ठेवूया." मी तिला प्रत्येक आकड्यापुढे त्याची मर्यादा लिहायला सांगितली. प्रोसेसरची ९५. कार्डाची नेहमीची ८३-८४, आणि तिच्या बऱ्याच खालपासूनच कार्ड तापेल तसा आपला वेग छोट्या पायऱ्यांनी उतरवत जातं. पुढे लावल्यावर प्रोसेसरला २५ अंशांची मोकळीक, कार्डाला चार. वर लावल्यावर प्रोसेसरला १९, कार्डाला नऊ. ३८च्या दुपारी चार अंश उरतात, तर ४२च्या दुपारी काही उरणार नाही. आणि खेळात चित्रं काढायचं काम कार्ड करतं. तिला अडखळणं जाणवतं ते कार्ड मागे हटल्यावर. प्रोसेसरचे सहा अंश देऊन कार्डाचे पाच घेतले, हा सौदा मी डोळे मिटून करेन.

रेडिएटरने तापलेल्या हवेपेक्षा रेडिएटरच्या अडथळ्याचा फटका कार्डाला जास्त बसतो असं माझं मत झालं. ६८ वॉट तीन पंख्यांच्या हवेत पसरले तर ती हवा दोनेक अंशांनीच तापायला हवी. पण दाट पत्र्यांतून हवा ओढताना तिचं प्रमाण घटतं आणि आतला सगळा कारभार मंदावतो. वरच्या रचनेत पुढचे तीन पंखे मोकळे आहेत. रेडिएटरच्या तोंडाशी आतली हवा खोलीपेक्षा सहा अंशांनीच वर होती. जुन्या दोन पंख्यांच्या दिवसांत ती नऊने वर असे.

वर ठरला. ज्याची मोकळीक कमी, ताजी हवा त्याला.

२९ एप्रिल

इको मोड आणि उणे १५ परत लावलं. कार्डाची वीजमर्यादा ८५ टक्के केली, १८७ वॉट. खेळातला फरक मोजायला बसलं तर सापडतो, खेळायला बसलं तर नाही.

३ मे

एक गोष्ट नजरेतून सुटली होती. जुन्या टॉवरचा पंखा प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या भागांवरही वारा घालत असे. तो गेला आणि एनव्हीएमई ड्राईव्ह (बोर्डावरच बसणारी साठवणुकीची पट्टी) मोठी फाईल लिहिताना ६१ वरून ७० अंशांवर पोचला. वीज नियंत्रित करणारे व्हीआरएमही पाच अंशांनी वर. लिक्विड कूलर बसवणाऱ्याने हे दोन आकडे आधी आणि नंतर लिहून ठेवावेत. प्रोसेसरचा उतरलेला आकडा पाहण्याच्या आनंदात इकडे कुणी बघत नाही. ड्राईव्हवर बोर्डाबरोबर आलेली धातूची पट्टी आम्ही लावलीच नव्हती. तिच्या खालची फिल्म काढून लावली, मागचा पंखा थोडा वाढवला. ड्राईव्ह ६३, व्हीआरएम जवळपास पूर्वीसारखे.

९ मे

पंख्यांचा वेग आजपासून द्रवाच्या तापमानावर. प्रोसेसरचं तापमान सेकंदात वीस अंश उडतं, त्याला बांधलेले पंखे साधं पान उघडलं तरी गुरगुरतात. द्रव हळू चढतो, हळू उतरतो, पंखेही तसेच. ४२ अंशांपर्यंत ७०० फेरे, ५०ला ११००, ५५ला पूर्ण. द्रव ५७ला पोचला तर इशारा. गार देशांसाठी सुचवलेल्या वक्रात पंखे ४०लाच पूर्ण वेगात जातात. तो आपल्याकडे लावला असता तर एप्रिल ते जून पंखे कधी उतरलेच नसते.

संध्याकाळी खोलीचा प्रयोग. दार-खिडक्या बंद, दोन तास खेळ. भिंतीपासून मोजलं तर खोली तीन बाय तीन बाय तीन मीटर, त्यातली हवा तीसेक किलो. यंत्र ४०० वॉट खात असेल तर ते सगळे ४०० वॉट शेवटी खोलीतच येतात. भिंतींनी काही प्यायलं नसतं तर हवा दर सव्वा मिनिटाला एका अंशाने चढली असती. भिंती बरंच पितात, तरी दोन तासांत ३५ची ३८ झाली. लिक्विड कूलरने यात एका वॉटचाही फरक पडत नाही. चिपवरची उष्णता त्याने खोलीत आणून टाकली, खोलीतून बाहेर काढणं वेगळं काम.

टेबल फिरवून कॅबिनेटची पाठ खिडकीकडे केली, खिडकीत बाहेर फेकणारा पंखा, समोरचं दार फटीपुरतं उघडं. तेच दोन तास, ३५ची ३६. एवढे दोन अंश मिळवायला कूलरच्या बाजूने किती धडपड करावी लागली असती हे आता दोघींनाही ठाऊक आहे. एसी चालू असेल त्या दिवशी खोली २७, आणि मग सगळेच आकडे अकरा-बारा अंशांनी खाली. रोज एसीत बसणाऱ्याला जुना टॉवरही पुरला असता. आमची खोली दुपारी एसीशिवाय असते.

१९ मे

आतापर्यंतची सर्वात कडक दुपार. जाळीसमोर ४२.१.

दीड तास खेळ. प्रोसेसर ७५, द्रव ५१, कार्ड ७६. इशारा वाजला नाही. लगेच रेंडर, ८८ वॉटवर: प्रोसेसर ८६, द्रव ५२, वेळ ११ मिनिटं २१ सेकंद. इको मोड लावल्यावर एप्रिलमध्ये जेवढा लागत होता त्यापेक्षा एकच सेकंद जास्त. भाचीने तो आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.

पुढची जाळी काढून पाहिली. खिडकी उघडी राहू लागल्यापासून धुळीची राखाडी साय दहा दिवसांत धरते. आता दर रविवारी जाळी झटकायची, महिन्यातून एकदा रेडिएटर आणि पंखा यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघायचं. धूळ पत्र्यांवर साचते ती पंख्याच्या आड, बाहेरून दिसत नाही. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.

२० मे

वजनाचं कारण. असे बंद कूलर साधारण पाच-सात वर्षं चालतात, आणि नळीतून द्रव किती उडाला हे बाहेरून समजायला मार्ग नाही. वजन मात्र घटतं. पुढच्या एप्रिलमध्ये पेस्ट बदलायला कूलर उतरवू तेव्हा पंखे काढून, नळ्या पुसून, पेस्ट साफ करून पुन्हा त्याच काट्यावर ठेवायचा. आधी काट्यावर एक किलोची न फोडलेली पिशवी ठेवून काटा खरा आहे का ते पाहायचं.

बाजूच्या झाकणाच्या आत कागदी पट्टी चिकटवली आहे. तिच्या अक्षरात: "२४ एप्रिल, १११८ ग्रॅम, पंख्यांशिवाय. पुढचं वजन: ______"